फॅट मोठ्यानं सांगायची

डेअरीवर दूध दोनदाच येतं, सकाळी आणि संध्याकाळी. किस्से मात्र दिवसभर! आणि त्यांना चिलिंगला ठेवावं लागत नाही; कधीही काढा, ताजेच.

राहात्याजवळच्या आमच्या गावातल्या डेअरीत मी दूध तपासते. शिक्षण बी.एस्सी. केमिस्ट्री. नमुना मशीनला लावायचा आणि फॅट किती लागली ते सगळ्यांसमोर सांगायचं. मालक बापूकाका म्हणाले होते, "वर्षभर बघू. लोकांपुढं तोंड उघडलं तर परमनंट. न्हाईतर दुसरी पोरगी बघतो."

तोंड! आणि माझं!

*

पहिल्याच दिवशी मशीन 'पीं' करून वाजलं आणि मी दचकून नमुना काकांच्या पांढऱ्या पॅन्टवर ओतला.

"अगं मशीन हाय, नाग न्हाई!"

दुसऱ्या दिवसापासून रांगच मला सावध करायला लागली. "म्याडम, वाजनार हाय बरं का! टेबल धरा!"

*

शांतामावशींच्या दुधाची फॅट कमी लागली. मी पुटपुटले. त्यांना ऐकू आलं नाही. पुन्हा पुटपुटले. शेवटी एकदाचं ऐकू आलं, आणि संध्याकाळी मावशी गाय घेऊनच डेअरीत हजर!

"हिच्याकडं बघ अन् सांग, ही असलं दूध देईल का!"

गायीनं माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "सॉरी."

*

वर्ष सरलं की आमच्याकडे चहा-भेळ असते. सरत्या वर्षात काय जमलं आणि पुढं काय करायचं, हे प्रत्येकानं उभं राहून सांगायचं. ऐकायला निम्मं गाव येतं. टेम्पोवाल्या दिलीपदादांचा मागचा संकल्प होता, हळू बोलायचं.

ते उभे राहिले. "मी वर्षात कुनावर वरडलो का? वरडलो का, सांगा!!"

माझ्या हातातला कप फुटला.

"न्हाई दादा, न्हाई!" सगळे एका सुरात.

*

मग माझी पाळी. मला काय जमलं? मशीन वाजलं तरी नमुना आता हातातच राहतो. बस, एवढंच!

"पुढच्या वर्षी... फॅट मोठ्यानं सांगायची," मी म्हणाले.

मागून शांतामावशी: "काय म्हनली गं ती?"

*

दुसऱ्या दिवशी सकाळी काका माझ्या परमनंटचं सांगणार होते. त्या धास्तीत माझ्या हातून भलतंच झालं. मालकाचं दूध आमच्याकडे कधीच तपासत नाहीत, सरळ टाकीत ओततात. मी मात्र त्यांचाही नमुना मशीनला लावून बसले! स्क्रीन बघितली आणि तोंडातून निघून गेलं, तेही मोठ्यानं, "काका, पाणी आहे!"

रांग मोडून सगळे टेबलाशी आले.

"मशीन बिघडलं," काका म्हणाले. मी परत लावलं. तेच!

"आरं, माझ्या घरचं दूध हाय ते!" सगळ्यांना ऐकू जावं म्हणून त्यांनी काकूंना स्पीकरवर फोन लावला. "काय गं, दुधात पानी टाकलं का?"

"टाकते की, रोजच!" काकू म्हणाल्या. "आजच कसं काय इचारलं?"

मी गुपचूप पर्स उचलली.

"कुठं निघाली?" काका ओरडले. "तू परमनंट! आन् पहिलं काम, आमच्या घरी जा अन् तिला समजाव. मी येतो मागनं."