एकाच उंचीची नावं

शहाद्याच्या एसटी स्टँडसमोर टायपिंग करणारा तो माणूस सदा अर्ध्या झोपेत असतो. बोटं कीबोर्डवर, नजर दाराबाहेर हवेत तरंगणाऱ्या कापसावर. मी त्याला जरा बावळटच समजायचो.

एकदा एक साहेब ऑफिसच्या पाट्या छापायला आले. "दोन्ही भाषांत हव्यात. माझं नाव कॅपिटलमध्ये, शिपायाचं स्मॉलमध्ये."

त्यानं कॅपिटलचं बटण दाबलं. साहेबांचं इंग्रजी नाव ताठ उभं राहिलं. मराठीत मात्र दोघांची नावं एकाच उंचीची. त्यानं पुन्हा दाबलं.

"दाबी ऱ्हायनू, साहेब. मराठीमा मोठं-धाकलं व्हतच नही."

साहेब कुरकुरत गेले.

मग माझा अर्ज टाइप करायची पाळी आली. चष्मा मी घरी विसरलो होतो; डोळे बारीक करून पडद्याकडे बघत होतो. न विचारताच त्यानं पडद्यावरची मराठी अक्षरं दुप्पट मोठी केली.

"आते दिसस का, मास्तर?"