उसाच्या ट्रॉलीला मागं दिवा नाही

सेलू-वालूर रस्त्यानं रोज ये-जा करणाऱ्यांनो, हे वाचाच. माझं डोकं अजून शांत झालेलं नाही.

सकाळी स्कूटीवर शाळेला निघाले होते. धुकं लय दाट. कुठूनतरी मोठ्यानं गाणं ऐकू यायलं होतं. वाटलं, शेतात कुणाचं तरी लग्न असेल. तेवढ्यात एकदम समोर काहीतरी काळं आलं. करकचून ब्रेक दाबला, तरी उसाची टोकं हेल्मेटच्या काचेवर घासलीच.

उसानं भरलेली ट्रॉली! मागं दिवा नाही, साधी रेडियमची पट्टीसुद्धा नाही.

पुढं जाऊन ट्रॅक्टर थांबवला. समोरून बघावं तर रंगीत लाईटच्या माळा, गोंडे, दोन मोठे स्पीकर. ड्रायव्हर मलाच म्हणतो, "मॅडम, एवढ्या जोरात गाणं लावलंय की. ऐकू येत न्हाई का?"

म्हटलं, "उद्या तुमच्याच घरचं कुणी मागून धडकलं तर?"

तो हसला. "आमच्या घरचे धुक्यात निघतच न्हाईत. म्या सांगून ठेवलंय त्यांना."

किळस आली मला. म्हणजे धोका त्याला चांगला माहीत आहे, आणि घरच्यांना सांगून तो मोकळा झालाय.

मग रोज त्याच्या मागून जाणारे आपण कोण?