माहेरचं नाव

आई विसरायला लागली आहे हे मला कळत होतं, पण चारचौघांत ते कबूल करायची लाज वाटायची. मी हिंगोलीच्या एका कचेरीत कारकून. लोकांच्या अर्जांतल्या चुका काढण्यात हयात गेली, त्यामुळे आपल्याला सगळं ठाऊक असतं अशी घमेंड अंगात होती. एका महाशिवरात्रीला आईला घेऊन औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला गेलो. चपला ठेवायला वळलो, तेवढ्यात ती गर्दीत दिसेनाशी झाली.

मंदिराच्या भोंग्यावरून "सुभद्राबाई, असाल तिथून दाराशी या" असं पुकारायला लावलं. नवस बोललो. एका भगताला दिशा विचारली आणि त्याने सांगितली म्हणून पूर्वेची शेतं उन्हातान्हात तुडवली. पोलीस चौकी मात्र दोनदा टाळली. स्वतःच्या आईला सांभाळता आलं नाही, हे कागदावर लिहून द्यायचं जिवावर आलं होतं. दिवस कलला तशी ती कुठे पडली असेल, कोणाच्या हाती लागली असेल, या विचाराने मी पुन्हा देवळासमोर येऊन उभा राहिलो. कळसाकडे पाहून म्हणालो, "देवा, माझी अक्कल संपली. आता तू नेशील तिकडे जातो." डोळे पुसले आणि पाय चौकीकडे वळले.

चौकीच्या ओसरीवर आई भाकरी खात बसली होती. शेजारी कनेरगाव नाक्याकडच्या तांड्यावरची एक बाई होती. दुपारी आई तिला रस्त्यावर भटकताना दिसली आणि तिने सरळ चौकी गाठली होती. तेव्हापासून ती आईजवळून हलली नव्हती. मी आईला उठवायला गेलो, तर बाई आडवी आली.

"थांबा दादा. मायचं नाव काय?"

"सुभद्रा."

"न्हाई. माय तर चंपा सांगून राहिली. भोंग्यावर सुभद्रा-सुभद्रा चाललं होतं, ही जागची हालली न्हाई."

आईने माझ्याकडे पाहिलं आणि बाईलाच विचारलं, "हा कोण हाय?"

मला संतापही आला आणि रडूही. "माझी आई आहे ती," मी ओरडलो.

"असंल बी," बाई शांतपणे म्हणाली. "पण उद्या कोणी बी येईल, माय म्हणून घेऊन जाईल. तुमी रागवा, बराबर खात्री झाल्याबिगर मी देत न्हाई."

हवालदाराने वसमतला माझ्या मामांच्या दुकानात फोन लावला. मामा म्हणाले, लग्नाआधी ती चंपाच होती, सासरी नाव बदललं. डाव्या कोपरावर भाजल्याचा डाग असेल. डाग होता. चाळीस वर्षं तिच्या हातचं खाल्लं आणि मला तिचं नाव ठाऊक नव्हतं. मी बाईच्या पाया पडायला वाकलो, तर "देवाच्या पडा" म्हणून ती एसटी गाठायला निघाली. नाव विचारायचं याही वेळी राहून गेलं.

हा चमत्कार होता का, मला सांगता येणार नाही. ज्या दाराची मला लाज वाटत होती, त्याच दारात नागनाथाने माझी आई सांभाळून ठेवली होती, एवढं खरं. आता तिच्या पदराला दोन्ही नावांची चिठ्ठी टाचलेली असते. गल्लीत कोणाचं माणूस हरवलं, तर भगताकडे निघालेल्यांना मी आधी चौकीत घेऊन जातो. नवस नंतरही फेडता येतो.

आई मला अजून ओळखत नाही. परवा तिने विचारलं, "कोणाचं लेकरू तू?"

मी म्हणालो, "चंपाचं."

ती खुदकन हसली आणि जरा सरकून तिने मला शेजारी जागा दिली.