अशोकनं टिपलेली तोंडं

सुजित, तू तिकडं पुण्यात, पण समज इथं माझ्याजवळच बसलायस. आणि मला एक सांग, म्हातारीनं दुःखाच्या भरात काहीतरी सांगितलं तर ते लगेच ऐकायचं असतं का रे? एरवी गल्लीतल्या कुणाचं ऐकलं नाहीस. गिटार बंद कर म्हणून सगळे ओरडायचे, तेव्हा खिडकी लावून वाजवायचास. आणि नेमकं माझंच ऐकलंस...

माझा धाकटा भाऊ अशोक गेला त्याला महिना होत आला. सकाळी कॅमेऱ्याची बॅग पुसायला घेतली आणि तिथंच मान टाकली. जन्म सगळा लग्नाच्या शूटिंगमध्ये गेला त्याचा. नवरा-नवरी थोडी कमी दिसली तरी चालेल, पण मांडवातला एक पावणा सुटता कामा नये, हा त्याचा नेम. प्रत्येकाच्या तोंडासमोर कॅमेरा धरून थांबायचा, बाई पदर सारखा करून हसेपर्यंत. मी चेष्टा केली की म्हणायचा, "आक्के, पावणा कॅशेटीत आधी स्वतःला हुडकतोय. न्हाय घावला की वर्षभर रुसतोय."

तुझा पहिला मोठा कार्यक्रम आपल्याकडच्या मंगल कार्यालयात झाला, तेव्हाही शूटिंगला अशोकच. तुझं ते तसलं संगीत, गिटार टेबलावर आडवी ठेवून तारांवर स्टीलचं उलथनं घासायचास, एकच आवाज किती वेळ घुमत राहायचा. अशोकनं त्याचंही लग्नासारखंच शूटिंग केलं. तू वर घाम गाळतोयस आणि याचा कॅमेरा खाली खुर्च्यांवर. कानात बोटं घातलेले म्हातारे, पिठाच्या हातांनी डोकावणारा आचारी, दाराशी चपला शोधणारे. गल्लीनं त्यावरून त्याची कायम टर उडवली. तो नुसता हसायचा.

त्याच्या बाराव्याला तू पुण्याहून आलास. म्हणालास, ती जुनी कॅसेट साफ करून घेतलीय, आता इंटरनेटवर सोडणार, खाली अशोकमामाचं नाव घालणार, सगळी आहे तशी ठेवू का? मला वाटलं, आता जगभरचे लोक हसतील माझ्या गेलेल्या भावाला. मी म्हणाले, "माणसांची तोंडं काढून टाक बाबा. तेवढी लाज राख त्याची." तू काहीतरी बोलणार होतास, पण पंगत बसली होती, मी उठले.

परवा भाचीनं टीव्हीवर लावून दिलं. गिटार दिसली, तू दिसलास, मग पडदा काळा. आवाज चालू, चित्र नाही. पुन्हा तू, पुन्हा काळं. जिथं जिथं अशोक माणसांकडं वळला होता, तिथं तिथं काळं... आणि तो किती वेळा वळला होता रे! त्या काळ्यात कोण कोण होतं ते मला पाठ होतं. पहिल्या रांगेत तुझी आई, माझी बहीण सुमन. बाकीचे कान झाकत होते आणि ही डोळे मिटून मान हलवत बसलेली. पुढं दोन पावसाळ्यांत ती गेली. फोटो म्हटलं की दाराआड लपणारी बाई, तिचं हलतं-चालतं चित्र दुसरीकडं कुठंच नाही. अशोकनं तिच्यावर कॅमेरा किती वेळ धरला होता. आणि ते काढायला मी सांगितलं, तिच्याच लेकाला. त्या वेळी तुझ्या तोंडाकडंसुद्धा बघितलं नाही मी.

भाची म्हणाली, उरलंय तेवढं बघूनसुद्धा खाली लोकांनी शूटिंगवाल्याचं कौतुक लिहिलंय. ऐकून मला पदरात तोंड लपवावंसं वाटलं.

मूळ कॅसेट तू जपली असशीलच. ते काळं काढ, तोंडं पुन्हा जागेवर बसव, हसणाऱ्यांना हसू दे. फोनवर हे बोलायचा धीर होत नाही, म्हणून पेपरात लिहिते. पण तू मात्र लिहू नकोस, येच. मला सुमनला बघायचंय, आणि एकटीनं बघवणार नाही. लवकर ये.