हात वर करणारी सोसायटी

सुरतेत उधन्याला आमची सोसायटी होती. तिचे किस्से म्हणजे आमच्या गटारातला गाळ, कितीही उपसा, पुन्हा साचतोच! हे गटार तळमजल्यावरच्या पाटीलकाकूंच्या दारात तुंबायचं आणि घाण पाणी थेट त्यांच्या स्वयंपाकघरात शिरायचं. आम्ही बाकीचे वर राहायचो, त्यामुळे आमचं काम फक्त ठराव करण्याचं!

*

चेअरमन जोगळेकर बँकेतले साहेब. मीटिंगच्या आधीच त्यांचं सगळं ठरलेलं असायचं. 'रविवारी सकाळी सर्वांनी गटार साफ करायचं. मंजूर? हात वर!' मागे चहा-खमण थांबलेलं, मग काय, सगळे हात वर!

एकदा शहांनी विचारलं, 'अरे, पण पावडो कोण लावशे?'

फावडं आणायची गोष्ट निघताच जोगळेकर भडकले. 'उगाच फाटे फोडू नका!'

*

त्या रविवारी गटारावर काकू एकट्याच. उन्हं वर आल्यावर जोगळेकर इस्त्रीच्या झब्ब्यात अवतरले.

'उनात ना तुम्ही, धरा फावडं!' त्यांना आलेलं पाहून काकू आपल्या अहिराणीत म्हणाल्या.

'छे छे! कोण कोण आलंय, ते फक्त पाहायला आलोय!'

*

मग ठराव का पाळले जात नाहीत, हे शोधायला तिघांची उपसमिती नेमली. एकमताने! आपण त्या समितीत आहोत हे तिघांपैकी एकालाही माहीत नव्हतं.

*

प्लेगच्या साली मात्र कमाल झाली. जोगळेकर मीटिंगमध्ये गरजले, 'कोणीही सुरत सोडायची नाही. इथंच राहून गटार साफ ठेवायचं. हात वर!'

सगळे हात वर. काकूंचा खाली.

'एक जण पळपुटा निघायचाच!' जोगळेकर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंना भुसावळच्या गाडीत बसवायला मी स्टेशनवर गेलो. तोंडाला रुमाल बांधलेले एक गृहस्थ खिडकीतून आत ट्रंक ढकलत होते. जोगळेकर!

मला पाहून म्हणाले, 'आपलं कोणी पळत नाही ना, ते पाहायला आलोय!' आणि गाडीत चढले.

घरी आलो तर काकू दारोदार फिरून एकेकीला विचारत होत्या, 'तू कवय येशी?' जिला जेव्हा जमेल तेव्हा ती येत होती. शहाबाईंनी तर घमेलंही आणलं. मलाही विचारलं, मग जावंच लागलं. गटार आरशासारखं झालं!

साथ ओसरल्यावर जोगळेकर परतले आणि लगेच मीटिंग. 'सर्वांनी एकजुटीने गटार साफ ठेवल्याबद्दल सोसायटीचं अभिनंदन. हात वर!'

सगळे हात वर. काकूंचा खाली.

'काकू, निदान आज तरी!'

'मन्हा हात तवय बी खालीच व्हता, भाऊ,' काकू म्हणाल्या. 'फावडावर.'