डाव्या सीटखालचा खटका

‘गंमत केली, मनावर घ्यायचं नाय,’ असं शेठ म्हणाले की समजायचं, कुणाच्या तरी डोळ्यांतून पाणी काढून झालेलं आहे.

चांदवडला त्यांच्या कांद्याच्या खळ्यावर मी दिवाणजी होतो. शेठचा बंगला नाशकात गंगापूर रोडला, दारात दोन कार. पण खरेदीला निघताना ते जुन्या पिकअपमध्येच बसायचे. कारमधून उतरणारा माणूस दिसला की शेतकरी भाव चढवून सांगतो, हे त्यांचं गणित. त्या दिवशी शर्टही मळकाच असायचा.

तुम्ही त्यांना पाहिलं असतं तर तुम्हालाही ते आवडले असते, हे आधीच सांगून ठेवतो. गोल चेहरा, मिस्कील डोळे, जातील तिथे आधी चहा सांगणार. असल्या माणसाचा राग येत नाही, आणि तीच पंचाईत असते. खळ्यावर कांदा निवडणाऱ्या एका बाईला त्यांनी सांगितलं की तुझा मुलगा बारावीला नापास झाला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिला रडू दिलं आणि मग पेढ्यांचा पुडा पुढे केला. पोरगा चांगला पास झाला होता. बाईने हुंदके देत पेढा खाल्ला, आम्हीही खाल्ले. पेढे उत्तम होते.

पण त्यांची सगळ्यात लाडकी गंमत म्हणजे सुकदेव.

सुकदेव पिकअपचा ड्रायव्हर. देवळ्याकडचा, कमी बोलणारा, सकाळी गाडीला फडकं मारून मगच स्वतःचं तोंड धुणारा. खळ्यावरून एकदा ती गाडी चोरीला जाता जाता वाचली, तेव्हा शेठनी वायरमनकडून डाव्या सीटखाली एक खटका बसवून घेतला. बॅटरीची मुख्य वायर त्यातून जायची. खटका बंद केला की गाडी मेली. दिवा नाही, हॉर्न नाही, स्टार्टर नाही, धक्का मारूनही उपयोग नाही. सीटवर बसल्या बसल्या हात खाली सोडला की बोटांना लागावा, अशा बेताने तो बसवला होता. सुकदेवला तेवढं सांगायचं राहिलं. पहिल्या दिवशी शेठ खरंच विसरले असतील. दुसऱ्या दिवशी त्यांना त्यातली मजा कळली.

खरेदीला मळ्यात उतरताना शेठ खटका बंद करायचे. परत येऊन बसले, सुकदेवने चावी फिरवली, की गाडी गप्प. मग तो बॉनेट उघडायचा, बॅटरीचे टर्मिनल आवळायचा, त्यांच्यावर गरम पाणी ओतायचा, अर्थिंगची वायर धरून गदागदा हलवायचा. पुरेसा घाम निघाला असं वाटलं की शेठ हात खाली सोडून म्हणायचे, ‘मार आता.’ गाडी चालू. दुखणं अर्थिंगचंच आहे, अशी सुकदेवची खात्री झाली. त्याने ती वायर दोनदा बदलली. स्टार्टर खोलून आत नवे कार्बन घातले. एकदा उकळतं पाणी त्याच्या मनगटावर सांडलं. शेठनी स्वतःच्या हाताने मलम लावलं आणि दुसऱ्या दिवशी खटका पुन्हा बंद केला.

शेठ बरोबर नसले की गाडी एका चावीत चालू होते, हेही बिचाऱ्याच्या लक्षात आलं होतं. त्यावर विचार करकरून त्याने उत्तर काढलं.

‘शेठ बसले का गाडी डावीकडं दबती,’ त्याने मला गंभीरपणे सांगितलं, ‘मंग वायर ताणती.’

हे शेठच्या कानावर गेलं तेव्हा हसून हसून त्यांना ठसका लागला. पुढे पाहुणा आला की सुकदेवला बोलावून ते वाक्य म्हणायला लावायचे. तो म्हणायचा. आणि गाडीत बसताना शेठ पोट आत घेऊन, अगदी अलगद बसायचे. शेठ आपली किती काळजी घेतात, असं सुकदेवला वाटायचं. आम्ही सगळे हसायचो. तुम्हीही हसला असता.

उन्हाळ कांद्याच्या खरेदीत, देवळ्याच्या पुढे एका मळ्यात, शेठ छाती धरून कांदा साठवायच्या चाळीपाशी खाली बसले. मी त्या दिवशी खळ्यावर होतो. सुकदेवने आणि शेतकऱ्याने त्यांना उचलून पिकअपच्या मागे रिकाम्या गोण्यांवर झोपवलं. चावी फिरवली, गाडी गप्प. शेतकरी दुसरी गाडी बघायला वस्तीकडे पळाला आणि सुकदेव अर्थिंग हलवत राहिला. गाडी मिळून येईपर्यंत शेठ गेले होते.

दहाव्याला शेठचा मुलगा सगळ्यांदेखत सुकदेवला म्हणाला, ‘एक स्टार्टर तुला धड करता आला नाही. माझा बाप मारलास तू.’ मुलगा कारमध्ये बसणारा, त्याला खटका ठाऊक नव्हता. आम्हाला ठाऊक होता. आम्ही जमिनीकडे बघत उभे राहिलो. सुकदेवने हात जोडले आणि चुकलंच माझं, म्हणाला.

ट्रॅक्टरला बांधून आणलेली पिकअप खळ्यावर पडून होती. मुलाने ती भंगारात काढली. भंगारवाला येणार त्या सकाळी पाहतो तर सुकदेव बॉनेट उघडून पुन्हा ती वायर हलवत होता. मला ते बघवेना. निदान दोष त्याचा नव्हता एवढं तरी त्याला कळावं, म्हणून मी डाव्या दारातून वाकलो आणि सीटखालचा खटका चालू केला.

‘मार आता,’ मी म्हणालो.

गाडी एका चावीत चालू झाली. सुकदेव उतरून माझ्या बाजूला आला. वाकून त्याने खटका पाहिला, त्यावरून बोट फिरवलं. मी सगळं सांगून टाकलं. तो शिव्या देईल असं वाटलं होतं, दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

‘त्या दिवशी शेठ सारखं ह्या सीटकडं बोट दाखवत होते,’ तो म्हणाला. ‘बोलता येत नव्हतं त्यांना. मला वाटलं, मालक माणूस, मागं गोण्यांवर बरं वाटत नसंल. म्हनून उचलून इथंच आणून बसवलं.’

इंजिन चालूच होतं. ते बंद करायचं दोघांनाही सुचत नव्हतं.

‘त्यांचा हात सारखा खाली जायचा, दिवाणजी. मी दर टायमाला वर घेऊन मांडीवर ठेवायचो.’