समाधीवरचा लाल डाग

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण निवृत्तीनंतरही मनातून जात नाही ती सोलापुरातली एका बाटलीची फिर्याद.

फिर्यादी शहराजवळचे मोठे द्राक्ष बागायतदार. लिंगायत घराणं, दारूचा वासही न चालणारं. ठाण्यात येऊन म्हणाले, "कपाटातली दारूची बाटली चोरीला गेली." ठाणे अंमलदाराला हसू आवरेना. मी त्याला डोळ्यांनीच दटावलं आणि म्हाताऱ्यांना खुर्ची दिली.

त्यांचा एकुलता एक मुलगा फ्रान्समध्ये, शेकडो वर्षं जुन्या द्राक्षमळ्यात वाइन करायला शिकत होता. बाटलीत तिथलीच लाल वाइन होती, तीन जातींच्या द्राक्षांची मिळवणी करून केलेली, आणि त्या मिळवणीत त्याचा हात होता. वर्षापूर्वी तो तिकडेच अपघातात गेला. शव इथं आणून पुरलं. बाप रोज कपाट उघडून त्या बाटलीला उदबत्ती ओवाळायचा.

"मला चोर नको, साहेब. बाटली तेवढी मिळवून द्या," एवढंच त्यांचं म्हणणं.

तेवढ्यात लिंगायतांच्या दफनभूमीबाहेरच्या फुलवाल्याचा फोन आला. "सायेब, लवकर या की! एका समाधीवर रगत सांडलंय. लोकं करणी म्हणत्यात, एकाला धरून ठेवलंय."

पोचलो तर गर्दीनं एका माणसाचा सदरा फाडला होता. तो निघाला फिर्यादींच्याच बागेतला जुना गडी. समाधी त्यांच्या मुलाची. मी वाकून डागाला बोट लावलं, हुंगलं. आंबूस द्राक्षांचा वास. रक्त कसलं आणि करणी कसली! गड्याच्या पिशवीत अर्धी बाटली मिळाली. पंचनामा केला आणि त्याला ताब्यात घेतलं. खरं तर त्या गर्दीतून त्याला जिवंत बाहेर काढायचं होतं.

ठाण्यात विचारलं, "कपाटाचं कुलूप फोडलेलं नाही. चावी कुणी दिली?"

"म्या चोर न्हाय, सायेब. पर कुनाचं नाव घेनार न्हाय."

"अरे, जेलात जाशील. बागेतलं कामही जाईल."

"जाऊ द्या की."

चोराला एक विचारलं तर तो दहा सांगतो. हा गप्प होता, म्हणजे कुणाला तरी पाठीशी घालत होता. फिर्यादींना विचारलं तेव्हा कळलं, दुसरी चावी त्यांच्या पत्नीच्या कमरेला असते. मी त्यांना आणायला महिला शिपायाला घरी पाठवलं.

बाई गुडघेदुखीनं भिंत धरत धरत आत आल्या. बाकावरच्या गड्याचा फाटका सदरा पाहिला आणि म्हणाल्या, "त्याला सोडा. बाटली मीच काढून दिली. शपथ मीच घातली होती त्याला." मग नवऱ्याकडे वळल्या.

"अहो, त्याच्या शेवटच्या दिवाळीला तो ही बाटली घेऊन दारात उभा होता. 'बाटली आत आली तर मी बाहेर जाईन,' म्हणालात. पोरगं बागेतल्या शेडमध्ये निजलं, बाटली तिथंच ठेवून परत गेलं. मला फोनवर सांगायचा, 'अव्वा, तुझ्या काळ्या मसाल्यासारखंच असतं गं हे. एक जिन्नस रंगाला, एक चवीला, एक वासाला.' आता ओवाळता! काल वर्षश्राद्ध झालं, पानात सगळं वाढलं, त्याच्या हातचं काहीच नाही. नन्न मगा हो तो, माझा लेक! उपाशी गेल्यासारखं वाटलं मला."

बाईंनी टेबलावरच्या बाटलीकडे बोट दाखवलं.

"अर्धीच ओतायला सांगितली होती," बाई म्हणाल्या. "अर्धी तुमची. त्यानं तुमच्यासाठीच आणली होती."

ते उठले, गड्याजवळ गेले आणि हात जोडले. गडी ओक्साबोक्शी रडायला लागला. मग माझ्या टेबलावरची मुद्देमालाची बाटली त्यांनी उचलली, पाण्याच्या पेल्यात थोडी ओतली. पोलीस ठाण्यात दारू! मी खिडकीकडे पाहत राहिलो. अंमलदारानंही तोंड फिरवलं.

जन्मात दारूला न शिवलेल्या त्या माणसानं घोट घेतला. तोंड वाकडं झालं, तरी गिळला.

"चांगली केलीस रे," ते समोरच्या रिकाम्या खुर्चीला म्हणाले आणि पेला हातात धरून तसेच उभे राहिले.

गैरसमजातून दिलेली फिर्याद म्हणून प्रकरण कोर्टातून बंद करून घेतलं. पुढे रुसलेले बापलेक ठाण्यात आले की मी बापाला आधी बाजूला घ्यायचो. म्हणायचो, "पोराला आत घ्या हो. भांडायचं ते आत बसून भांडा." ऐकणारे थोडेच निघाले.